विश्लेषण : धातूवर आम्ल ओतून ‘पेटणारी हवा’ मोजणारा माणूस… कोण होता हेन्री कॅव्हेंडिश?

ग्रीन हायड्रोजन हा शब्द हल्ली अर्थसंकल्पाच्या भाषणापासून शेअर बाजाराच्या गप्पांपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. केंद्र सरकारने जानेवारी २०२३मध्ये १९ हजार ७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली. २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट आहे. मात्र हायड्रोजन हा साध्या हवेपेक्षा वेगळा वायू आहे, हे आकड्यांसह पहिल्यांदा मांडले गेले ते १७६६ साली, लंडनमध्ये. त्यासाठी लागलेले साहित्य आजही कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत मिळेल. जस्त, लोखंड, कथील, दोन आम्ले, पाण्याने भरलेली बाटली आणि एक चांगला तराजू. प्रयोग करणारा ३४ वर्षांचा एक सरदारपुत्र होता. त्याने मोजलेले आकडे आजही जवळपास बरोबर निघतात. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र चुकला होता.

सरदाराच्या घरातली प्रयोगशाळा

हेन्री कॅव्हेंडिशचा जन्म १० ऑक्टोबर १७३१ रोजी नीस येथे झाला. आज हे शहर फ्रान्समध्ये आहे, तेव्हा ते सार्डिनियाच्या राज्यात होते. वडील लॉर्ड चार्ल्स कॅव्हेंडिश हे दुसऱ्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरचे पुत्र, तर आई लेडी ॲन ग्रे ही ड्यूक ऑफ केंटची मुलगी. म्हणजे दोन्हीकडून इंग्लंडमधले अव्वल खानदान. हेन्री दोन वर्षांचा असताना, धाकटा भाऊ फ्रेडरिक याच्या जन्मानंतर काही काळातच आई गेली.

वडील नुसते सरदार नव्हते, स्वतः प्रयोग करणारे होते. कमाल आणि किमान तापमान नोंदवणाऱ्या थर्मामीटरसाठी त्यांना १७५७ साली रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले होते. हेन्री लंडनजवळच्या हॅकनी येथील शाळेत शिकला, १७४९मध्ये केंब्रिजच्या पीटरहाउस कॉलेजात गेला आणि १७५३मध्ये पदवी न घेताच बाहेर पडला. त्या काळी श्रीमंत घरातल्या मुलांनी पदवी न घेणे यात काही विशेष नव्हते. तो थेट वडिलांच्या ग्रेट मार्लबरो स्ट्रीटवरील घरी परतला आणि पुढची तीस वर्षे तिथेच राहिला. तिथे प्रयोगशाळा होती, उपकरणे होती आणि बापलेकाला एकच छंद होता. १७६०मध्ये हेन्री रॉयल सोसायटीचा सदस्य झाला.

१७६६ साली नेमके काय केले?

आम्लात लोखंड टाकले की बुडबुडे येतात आणि ती वाफ पेट घेते, हे कॅव्हेंडिशच्या आधीपासून माहीत होते. रॉबर्ट बॉइल यांनी जवळपास शंभर वर्षे आधी, १६७१मध्ये, लोखंडाचा कीस आणि आम्ल वापरून हा प्रकार नोंदवला होता. खाणकामगारांना खाणीतली पेटणारी हवा ठाऊक होती. पण तेव्हा हवा ही एकच, आणि तिच्यात काहीबाही मिसळले की ती बदलते, अशी बहुतेकांची समजूत होती. स्कॉटलंडचे जोसेफ ब्लॅक यांनी १७५०च्या दशकात आजच्या कार्बन डायऑक्साइडचा अभ्यास करून त्या समजुतीला पहिला धक्का दिला होता.

कॅव्हेंडिशने या गोष्टीला माप लावले. एका बाटलीत धातू आणि पाणी मिसळलेले आम्ल घ्यायचे, बाटलीच्या तोंडाला वाकडी नळी बसवायची आणि नळीचे दुसरे टोक पाण्यात उपड्या ठेवलेल्या, पाण्यानेच भरलेल्या बाटलीखाली न्यायचे. वायू वर चढतो, पाणी खाली सरकते. किती पाणी सरकले ते मोजले की वायूचे आकारमान कळते. नववी-दहावीत आपण हेच उपकरण वहीत काढतो.

त्याने जस्त, लोखंड आणि कथील असे तीन धातू घेतले. आम्ले दोन. एक सल्फ्युरिक आम्ल, म्हणजे जुन्या मराठीतले गंधकाम्ल, आणि दुसरे मिठापासून काढलेले हायड्रोक्लोरिक आम्ल. एक औंस पाणी जेवढी जागा घेते, ते एक माप धरले. एक औंस जस्तापासून सुमारे ३५६ मापे वायू मिळाला. लोखंडापासून ४१२. कथलापासून २०२.

आता थोडे गणित. आजचे अणुभार घेतले, तापमान १५ अंश सेल्सिअस आणि साधा वातावरणीय दाब धरला, तर एका भाग जस्तापासून ३६२, लोखंडापासून ४२३ आणि कथलापासून १९९ मापे हायड्रोजन मिळायला हवा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होणारे हे गणित आहे. कॅव्हेंडिशचा एकही आकडा यापासून तीन टक्क्यांहून जास्त दूर नाही. त्याच्या हाताशी अणुभार नव्हते, रासायनिक सूत्रे नव्हती, अणूची आजची कल्पनाही नव्हती. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटचे रीडिंग तीन टक्क्यांत आणताना आमच्या बॅचची जी दमछाक व्हायची ती आठवली, की या आकड्यांचे मोल जास्त कळते.

तो इथेच थांबला नाही. या वायूचे वजनही त्याने काढले. एक रीत अशी की, धातू आणि आम्ल असलेली बाटलीच तराजूत ठेवायची, बाहेर पडणारा वायू ओलावा शोषणाऱ्या क्षाराने भरलेल्या नळीतून जाऊ द्यायचा आणि क्रिया संपल्यावर वजन किती घटले ते बघायचे. यातून त्याने ठरवले की, ही पेटणारी हवा साध्या हवेपेक्षा ११ पट हलकी आहे. खरा आकडा १४ पटींहून थोडा जास्त आहे. म्हणजे इथे तो बराच चुकला, पण एखादी ‘हवा’ दुसऱ्या हवेपेक्षा इतकी हलकी असू शकते हेच तोवर कोणाच्या ध्यानी आले नव्हते. साध्या हवेत हा वायू वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून, पेटवल्यावर कोणत्या मिश्रणाचा आवाज किती मोठा होतो, याचीही त्याने तुलना करून पाहिली. शाळेत जळती काडी परीक्षानळीच्या तोंडाशी नेली की जो ‘पॉप’ आवाज येतो, त्याची ही पहिली शिस्तशीर नोंद म्हणता येईल.

या कामासाठी त्याला त्याच वर्षी कॉप्ली पदक मिळाले. वडिलांना मिळालेलेच.

मग चूक कुठे झाली?

कॅव्हेंडिशच्या लक्षात एक गोष्ट आली होती. आम्ल पुरेसे असेल, तर ते सल्फ्युरिक आहे की हायड्रोक्लोरिक, थोडे जास्त पातळ आहे की कमी, याने एक औंस जस्तापासून मिळणाऱ्या वायूत फरक पडत नाही. धातू बदलला की मात्र आकडा बदलतो. मग वायू येतो कुठून? उघड दिसते की धातूतून.

त्या काळच्या रसायनशास्त्रात याला साजेसा सिद्धांतही तयार होता. जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात फ्लॉजिस्टॉन नावाचे द्रव्य असते आणि जळताना ते बाहेर पडते, असे मानले जाई. धातू तापवला की त्याचे भस्म होते, म्हणजे धातू = भस्म + फ्लॉजिस्टॉन. आम्लात धातू टाकला की त्याचे भस्म आम्लाशी जुळून क्षार बनतो आणि मोकळे झालेले फ्लॉजिस्टॉन बुडबुड्यांतून वर येते. ते पेटते, कारण ते ज्वलनाचे मूळ द्रव्यच आहे! कॅव्हेंडिशला वाटले, आपण फ्लॉजिस्टॉन बाटलीत पकडले.

हे वाचून हसू येण्याचे कारण नाही. हाताशी असलेल्या पुराव्यावरून कोणत्याही हुशार माणसाने हेच म्हटले असते. गफलत कशी होते ते वडापावच्या गाडीवर बघा. पाव दहा आहेत आणि वडे पन्नास तळले आहेत. वडापाव दहाच होणार. पाव वीस आणले की वडापाव वीस. वडे किती तळले याने फरक पडत नाही. पण म्हणून वडा पावातून निघतो असे होत नाही. जे कमी आहे ते हिशेब ठरवते, इतकेच. रसायनशास्त्रात याला लिमिटिंग रिएजंट म्हणतात. कॅव्हेंडिशच्या बाटलीत आम्ल भरपूर होते, त्यामुळे वायू किती निघणार हे धातू ठरवत होता. वायू मात्र आम्लाचा होता.

आज आपण हे असे सांगतो : आम्ल पाण्यात मिसळले की त्यातून धनभारित हायड्रोजन आयन सुटतात. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन स्वतः पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन दोन हायड्रोजन आयन घेतात, त्यांची जोडी जमते आणि बुडबुडा वर येतो. मागे राहिलेले द्रावण आटवले तर जस्ताच्या बाबतीत झिंक सल्फेट मिळते, जे आपले शेतकरी जस्ताची कमतरता भरून काढायला जमिनीत टाकतात. लोखंडाच्या बाबतीत मिळतो तो हिराकस.

तांबे आणि नायट्रिक आम्लाचे कोडे

सगळे धातू असे वागत नाहीत, हे कॅव्हेंडिशलाही दिसले होते. त्याने तांबे हायड्रोक्लोरिक आम्लात टाकून तापवले. वायू आल्यासारखा वाटला, पण पाण्याला लागताच नाहीसा झाला. तो हायड्रोजन नव्हताच. आम्लातूनच सुटलेला हायड्रोजन क्लोराइड वायू होता आणि तो पाण्यात झटकन विरघळतो. पुढे जोसेफ प्रीस्टली यांनी हेच टोक पकडून, पाण्याऐवजी पाऱ्यावर वायू गोळा करून त्याचा अभ्यास केला.

तांबे हायड्रोजनपेक्षा इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवते, म्हणून विरल आम्लातून ते हायड्रोजन बाहेर काढू शकत नाही. पाठ्यपुस्तकातली क्रियाशीलता श्रेणी म्हणजे ही इलेक्ट्रॉन सोडण्याची रांग. जस्त, लोखंड, कथील हायड्रोजनच्या वर. तांबे, चांदी, सोने खाली.

नायट्रिक आम्लाची गोष्ट आणखी वेगळी. त्यात धातू टाकला की धूर येतो, पण तो पेटत नाही, हे कॅव्हेंडिशने नोंदवले. तापवलेल्या संहत सल्फ्युरिक आम्लातही तसेच. त्याचा तर्क असा होता की, इथे फ्लॉजिस्टॉन आम्लाशी जोडले जाते आणि आपला ज्वलनशील गुण गमावते. फ्लॉजिस्टॉनच्या जागी इलेक्ट्रॉन वाचले, तर हा तर्क फारसा चुकीचा नाही. नायट्रिक आम्लातला नायट्रेटचा भाग हायड्रोजन आयनांच्या आधी इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. तांब्यावर नायट्रिक आम्ल टाकल्यावर दिसणारा तपकिरी धूर तो हाच, आणि तो विषारी असतो. उलट, संहत नायट्रिक आम्ल ॲल्युमिनियमच्या टाकीतून नेता येते, कारण धातूवर ऑक्साइडचा पातळ पण घट्ट थर बसतो आणि क्रिया तिथेच अडते.

संहत सल्फ्युरिक आम्लही असेच साध्या पोलादी टाकीत साठवले जाते. धोका टाकी रिकामी झाल्यावर सुरू होतो. धुताना पाणी गेले, उरलेले आम्ल विरल झाले की ते पोलादाला खाऊ लागते आणि टाकीत हायड्रोजन साचतो. मग वेल्डिंगची एक ठिणगी पुरते. म्हणून अशा टाकीवर काम करण्याआधी आतली हवा तपासणे बंधनकारक मानले जाते. घरातही हेच रसायनशास्त्र आहे. बाथरूम साफ करायला मिळणारे ‘ॲसिड’ हे बहुधा विरल हायड्रोक्लोरिक आम्ल असते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या बादलीत ते ओतले की येणारा फेस म्हणजे कॅव्हेंडिशचाच वायू. खिडकी उघडी ठेवा, जवळ काडी पेटवू नका आणि ॲसिडमध्ये ब्लीच तर कधीच मिसळू नका, कारण त्यातून क्लोरीन निघतो.

आकाशात गेलेला वायू

कॅव्हेंडिशने वायू हलका आहे असे लिहिले आणि १७ वर्षांनी फ्रेंचांनी त्याचा फुगा केला. जाक शार्ल यांनी २७ ऑगस्ट १७८३ रोजी पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावरून, जिथे आज आयफेल टॉवर उभा आहे, हायड्रोजनचा पहिला फुगा सोडला. त्यासाठी सुमारे अर्धा टन लोखंडावर सल्फ्युरिक आम्ल ओतावे लागले होते. फुगा पॅरिसबाहेरच्या गोनेस गावात उतरला. आकाशातून पडलेला तो हिसहिसणारा प्राणी पाहून गावकऱ्यांनी त्याला शेतीच्या अवजारांनी फाडून टाकले. त्याच वर्षी १ डिसेंबरला शार्ल स्वतः एका साथीदारासह हायड्रोजनच्या फुग्यातून उडाले.

पाणी मूलद्रव्य नाही, हे कसे कळले?

१७८१मध्ये कॅव्हेंडिश पुन्हा आपल्या पेटणाऱ्या हवेकडे वळला. प्रीस्टली यांच्या लक्षात आले होते की, ही हवा आणि साधी हवा बंद भांड्यात विजेच्या ठिणगीने पेटवली की भांड्याच्या आत दव जमते. इतरांनी ते पाहून सोडून दिले. कॅव्हेंडिशने मोजले. १००० मापे साध्या हवेला ४२३ मापे पेटणारी हवा पुरते. स्फोटानंतर पेटणारी हवा सगळी जाते, साध्या हवेचा सुमारे पाचवा भाग जातो आणि जे दव जमते ते शुद्ध पाणी असते. खात्रीसाठी त्याने मोठ्या प्रमाणावर वायू जाळून १३५ ग्रेन, म्हणजे पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास पाणी जमवले. चव नाही, वास नाही.

हवेत ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे १००० मापांत सुमारे २०९. ४२३ला २०९ने भागा. उत्तर दोनच्या अगदी जवळ येते. एच-टू-ओ मधला तो ‘टू’ हाच.

ॲरिस्टॉटलच्या काळापासून मूलतत्त्व मानलेले पाणी दोन वायूंपासून बनते, हे या प्रयोगात दिसत होते. पण कॅव्हेंडिशने हे १७८४च्या जानेवारीपर्यंत रॉयल सोसायटीपुढे मांडलेच नाही. दरम्यान १७८३च्या जूनमध्ये त्याचा सहकारी चार्ल्स ब्लॅग्डेन पॅरिसला गेला आणि लव्हॉझिए यांना त्याने ही बातमी सांगितली. लव्हॉझिए यांनी लगोलग प्रयोग करून पाहिला आणि फ्लॉजिस्टॉनला बाजूला सारून सरळ अर्थ लावला. पुढे त्यांनी लालबुंद लोखंडी नळीतून वाफ सोडून पाण्यातून तोच वायू मिळवला आणि वायूला नाव दिले हायड्रोजन, म्हणजे पाणी घडवणारा. जेम्स वॉट यांनीही आपला हक्क सांगितला. पाण्याचा शोध कोणाचा, यावरचा वाद त्या सगळ्यांच्या मृत्यूनंतरही कित्येक वर्षे चालला. कॅव्हेंडिश स्वतः या वादात फारसा उतरला नाही.

माझ्या मते इथे दोघांनाही आपापला वाटा द्यायला हवा. आकडे कॅव्हेंडिशचे, अर्थ लव्हॉझिए यांचा. अर्थात लव्हॉझिए यांचेही सगळे बरोबर नव्हते. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, असे ते मानत. ऑक्सिजन या नावाचा अर्थच मुळी आम्ल घडवणारा असा आहे. मिठापासून काढलेल्या आम्लात ऑक्सिजन नसून फक्त हायड्रोजन आणि क्लोरीन आहे, हे हम्फ्री डेव्ही यांनी १८१०मध्ये मांडले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत कॅव्हेंडिश वारला होता.

एवढा अबोल का?

कॅव्हेंडिशविषयी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींना तोटा नाही. त्यातल्या बऱ्याच १८५१मध्ये जॉर्ज विल्सन यांनी लिहिलेल्या चरित्रातून आल्या आहेत. जेवणात काय हवे ते तो चिठ्ठीवर लिहून ठेवी, नोकराणी समोर येऊ नये म्हणून त्याने वेगळा जिना बांधून घेतला, कोट नेहमी जुन्या फॅशनचा आणि विटक्या जांभळ्या रंगाचा. अनोळखी माणूस दिसला की तो बाजूला होई. त्याच्याशी बोलायचे तर त्याच्याकडे न बघता, हवेशी बोलल्यासारखे बोलावे, असे रॉयल सोसायटीतले लोक एकमेकांना सांगत म्हणे. चित्र काढून घ्यायला तो कधी बसला नाही. विल्यम अलेक्झांडर या चित्रकाराने जेवणाच्या वेळी गुपचूप काढलेले रेखाचित्र आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. न्यूरॉलॉजिस्ट ऑलिव्हर सॅक्स यांनी अलीकडे ॲस्पर्जर सिंड्रोमची शक्यता मांडली होती. दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचे निदान करण्यात मला तरी फार अर्थ वाटत नाही.

पण माणूसघाणा म्हणावे, तर दर आठवड्याला रॉयल सोसायटी क्लबच्या जेवणाला तो नेमाने जाई. लंडनमधले आपले ग्रंथालय त्याने अभ्यासकांसाठी खुले ठेवले होते. तिथून पुस्तक नेताना तो स्वतःही रीतसर नोंद करी. वारसाहक्काने त्याच्याकडे इतका पैसा आला की, मृत्यूवेळी त्याची मालमत्ता दहा लाख पौंडांच्या घरात होती. तो पैसा त्याने ना राजकारणात घातला, ना दिखाव्यात. राहणी तीच राहिली.

या अबोलपणाची किंमत विज्ञानाने मोजली. त्याने थोडेच लिहून छापले, बाकी कागदांच्या गठ्ठ्यात ठेवले. विजेचे बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते हे त्याने कूलाँ यांच्या दहा-बारा वर्षे आधी प्रयोगाने दाखवले होते. ओहमचा नियम ज्याला आपण म्हणतो, तो संबंध त्याला ओहम यांच्या १८२७च्या पुस्तकाच्या जवळपास अर्धशतक आधी सापडला होता. त्या वेळी विद्युतप्रवाह मोजायचे यंत्र नव्हते, म्हणून त्याने स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या झटक्याची तीव्रता हेच माप धरले होते! हे सगळे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी गठ्ठे सोडवून १८७९मध्ये छापले तेव्हा जगाला कळले.

मॅक्सवेल हे केंब्रिजमधील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे पहिले प्रमुख. सातव्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या देणगीतून ती १८७४मध्ये उभी राहिली. इलेक्ट्रॉन इथे सापडला. १९३०च्या दशकात मुंबईचे होमी भाभाही इथे संशोधन करत होते.

पृथ्वीचे वजन आणि राहिलेला बुडबुडा

वडील १७८३मध्ये गेले. पुढे कॅव्हेंडिशने क्लॅपहॅमचे घर प्रयोगशाळेला वाहून टाकले. वयाच्या ६६व्या वर्षी तिथेच त्याने शिशाचे प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे दोन गोळे आणि तारेला टांगलेले दोन छोटे गोळे घेऊन त्यांच्यातले गुरुत्वाकर्षण मोजले. आपल्या अंगाच्या उष्णतेने हवा हलू नये म्हणून तो खोलीबाहेरून दुर्बिणीने रीडिंग घेई. १७९८मध्ये त्याने पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट असल्याचे सांगितले. आजचा आकडा ५.५१ आहे.

पण धातू आणि आम्लापासून सुरू झालेला धागा आणखी एका ठिकाणी जातो. पाण्याच्या प्रयोगात कधी कधी त्याच्या दवाला आम्लाची चव येई. तो त्याच्या मागे लागला. कळले की ते नायट्रिक आम्ल आहे आणि ठिणगीने हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला गेल्यामुळे ते तयार होते. १७८५मध्ये त्याने उलटा प्रश्न विचारला : हवेतला सगळा नायट्रोजन असाच आम्लात बदलता येतो का? वाकड्या काचनळीत हवा घेऊन, जास्तीचा ऑक्सिजन घालत तो दीर्घकाळ ठिणग्या पाडत राहिला. तयार होणारे आम्ल नळीतला क्षार शोषून घेई. शेवटी उरलेला ऑक्सिजनही काढून टाकला.

तरी एक छोटा बुडबुडा राहिलाच. तो कशालाच दाद देईना. कॅव्हेंडिशने लिहून ठेवले की, हवेच्या या भागात काही वेगळे असलेच, तर ते १/१२०पेक्षा जास्त नाही. कारण त्याला सांगता आले नाही आणि त्याने सांगण्याचा आवही आणला नाही.

त्या ओळीकडे शंभर वर्षे कोणाचे विशेष लक्ष गेले नाही. १८९०च्या दशकात लॉर्ड रेले यांना हवेतून काढलेला नायट्रोजन रसायनांपासून बनवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड का भरतो, हे उमगत नव्हते. रेले हे मॅक्सवेल यांच्यानंतर कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख झालेले शास्त्रज्ञ. त्यांनी जुना प्रयोग काढला, ठिणग्या पाडल्या आणि तोच बुडबुडा त्यांच्या हाती लागला. विल्यम रॅम्झी यांनी दुसऱ्या मार्गाने तो वायू जास्त प्रमाणात मिळवला. १८९४मध्ये दोघांनी नवा वायू जाहीर केला आणि कोणाशीच संयोग न करणारा म्हणून त्याला ग्रीक भाषेतल्या आळशी या शब्दावरून आर्गॉन असे नाव दिले. १९०४मध्ये रेले यांना भौतिकशास्त्राचे आणि रॅम्झी यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आज स्टेनलेस स्टीलच्या टिग वेल्डिंगसाठी वर्कशॉपमध्ये जे सिलिंडर उभे असते, त्यात हाच वायू असतो.

हवेतला नायट्रोजन आणि आर्गॉन एकत्र धरले, तर त्यात आर्गॉनचा वाटा सुमारे १/८५ भरतो. काचेच्या नळीतला तो बुडबुडा नुसत्या डोळ्यांनी बघून कॅव्हेंडिशने लिहिले होते १/१२०.